रवंथाचा वायु

दुधाला पूर्णान्न म्हणण्याचा प्रघात जुना आहे. तान्ह्या बाळाच्या वाटीपासून देवाच्या नैवेद्यापर्यंत आणि सकाळच्या चहापासून आजाऱ्याच्या पेल्यापर्यंत, दुधावांचून शहरांतील घराचा एक दिवसहि जात नाहीं. दुधाचा भाव चढला, दूध पातळ आलें, दूध नासलें, अशा तक्रारी घरोघर ऐकूं येतात. परंतु एक लिटर दूध तयार होत असतां त्याबरोबर आणखी कोणती वस्तु तयार झाली, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाहीं. ती वस्तु पिशवींतून घरीं येत नाहीं. तिला रंग नाहीं, वास नाहीं आणि तिचे दामहि कोणी मोजीत नाहीं. ती म्हणजे मिथेन नांवाचा वायु. गाय किंवा म्हैस निवांतपणें रवंथ करीत बसलेली असते तेव्हां तिच्या तोंडावाटे हा वायु सारखा बाहेर पडत असतो, आणि पृथ्वीची उष्णता वाढविणाऱ्या कारणांत त्याची गणना करावी लागते.

नव्या मुंबईचें उदाहरण घेतलें म्हणजे हा विषय नीट उलगडतो. १९७० सालीं सिडको ही संस्था स्थापन झाली आणि ठाणें, पनवेल व उरण या भागांतील ९५ गांवांच्या जमिनीवर हें नगर वसूं लागलें. जेथें भाताचीं खाचरें, मिठागरें आणि खाडीकांठची मासेमारी होती, तेथें आज इमारती, कचेऱ्या आणि बाजार उभे आहेत. भात गेला तसा पेंढा गेला, आणि पेंढ्याबरोबर दावणीचीं गुरेंहि बव्हंशीं गेलीं. आतां या नगरांतील लाखों माणसांचें दूध बाहेरून येतें. ‘गोकुळ’ या नांवानें घरोघर ओळखला जाणारा कोल्हापूर जिल्ह्याचा सहकारी दूध संघ १९६३ सालीं स्थापन झाला. त्याचें दूध पिशव्यांत भरण्याचें केंद्र वाशी येथें आहे. कोल्हापूरकडील शेतकऱ्याच्या गोठ्यांत काढलेलें दूध गांवच्या संस्थेंत मोजलें जातें, थंड केलें जातें, आणि पावणेचारशें किलोमीटरांच्या आसपासचा रस्ता टँकरनें ओलांडून खाडीकांठच्या या नगरांत पोंचतें. दूध येथें येतें. वायु मात्र तिकडच्या गोठ्यांतच सुटतो. नगराच्या हद्दींत गुरें थोडीं म्हणून नगराच्या नांवावर वायु थोडा, असा हिशेब कागदावर मांडतां येईल; परंतु वातावरणाला हद्द नसते.

मुंबईनें दुधासाठीं दूरवर हात पसरावा ही गोष्ट नवी नव्हे. १९४५ सालीं गुजराथेंतील आणंदहून मुंबईला दूध आणण्याची सरकारी योजना सुरू झाली, आणि त्या व्यवहारांतील असंतोषांतून पुढच्याच वर्षीं खेडा जिल्ह्याचा सहकारी दूध संघ जन्मास आला. शहरांतील दाटीवाटीचे तबेले हलविण्यासाठीं १९४९ सालीं गोरेगांवजवळ आरे येथें दुग्धवसाहत उभारण्यांत आली. त्या कामांत दारा खुरोडी यांचें नांव अग्रगण्य आहे. शहरी तबेल्यांची जुनी रीत अशी होती कीं, नुकतीच व्यालेली जातिवंत म्हैस बाहेरून आणावयाची, तिचें दूध आटेपर्यंत तिला ठेवावयाचें, आणि आटल्यावर ती कसायाला विकून दुसरी आणावयाची. या रीतींतील क्रूरपणा व उधळपट्टी त्या काळींच जाणत्यांच्या ध्यानांत आली होती. एका वेताच्या दुधासाठीं त्या म्हशीनें जन्मापासून खाल्लेला तीन-चार वर्षांचा चारा खर्ची पडत असे. तो चारा पचतांना किती मिथेन सुटला, हें मोजण्याचें त्या वेळीं कोणाच्या मनांतहि येण्याचें कारण नव्हतें. आज तें मोजलें जातें, आणि हिशेब तोच निघतो: जनावराच्या आयुष्याची जेथें उधळपट्टी, तेथें वायूचीहि उधळपट्टी.

हा वायु होतो कसा, हें समजण्यासाठीं गाईच्या पोटांत डोकावलें पाहिजे. गाय, म्हैस, शेळी व मेंढी यांच्या पोटाला चार कप्पे असतात. त्यांतील पहिल्या व सर्वांत मोठ्या कप्प्याला कोठीपोट म्हणतात. माणसाला कडबा पचत नाहीं. खरें पाहतां गाईलाहि तो स्वतःच्या पाचकरसानें पचवितां येत नाहीं. कडब्यांतील चिवट तंतु फोडण्याचें काम कोठीपोटांत राहणारे असंख्य सूक्ष्म जंतु करतात. गाय चारा घाईनें गिळते, मग सावलींत बसून तोच घास पुन्हां तोंडांत आणून बारीक करते आणि परत गिळते. हा रवंथ म्हणजे त्या जंतूंसाठीं केलेलें दळणच होय. जंतु त्या दळणाला आंबवितात, त्यांतून सौम्य आम्लें तयार होतात, तीं पोटाच्या अस्तरांतून रक्तांत शिरतात, आणि त्यांच्यावरच गाईचें शरीर व तिचें दूध पोसलें जातें. माणसाच्या कोणत्याहि उपयोगी न पडणाऱ्या धाटांतून व पेंढ्यांतून दूध निघावें, हा चमत्कार या जंतूंचा आहे.

या आंबण्यांत हायड्रोजन वायु शिल्लक राहतो. तो सांचत गेला तर आंबण्याची क्रिया मंदावते. घरांतील मोरी तुंबली म्हणजे स्वयंपाकघराचें काम अडावें तसें. म्हणून कोठीपोटांत आणखी एक जातीचे सूक्ष्म जीव असतात. ते हायड्रोजन घेतात, तेथेंच असलेला कार्बन डाय-ऑक्साइड घेतात, आणि दोहोंपासून मिथेन बनवितात. हे जीव सामान्य जंतूंपेक्षां अगदीं निराळ्या कुळांतले आहेत, असें कार्ल वूज या अमेरिकन शास्त्रज्ञानें १९७७ सालीं दाखवून दिलें. बनलेला मिथेन गाईच्या कांहींच कामाचा नसतो. त्याचा बहुतेक सर्व भाग ढेकरांबरोबर व श्वासाबरोबर तोंडा-नाकावाटे बाहेर जातो. तो मागच्या बाजूनें जातो अशी जी थट्टेखोर समजूत पसरली आहे, तींत तथ्य फार थोडें आहे. मिथेन हा गाईचा रोग नव्हे कीं दोष नव्हे. तिच्या पचनाची ती निचऱ्याची वाट आहे.

मिथेनची ओळख शास्त्राला १७७६ सालीं झाली. इटलींतील एका सरोवराच्या चिखलांतून वर येणारे बुडबुडे गोळा करून आलेस्सांद्रो व्होल्टा यानें तो वायु जळतो असें पाहिलें. पुढें १८५९ सालीं लंडन येथें जॉन टिंडॉल यानें प्रयोगानें सिद्ध केलें कीं, हवेचा मोठा भाग असलेले नत्र व प्राणवायु हे उष्णतेच्या किरणांना अडवीत नाहींत, पण पाण्याची वाफ, कार्बन डाय-ऑक्साइड आणि असे कांहीं थोडे वायु मात्र ते अडवितात. थंड देशांत फुलें-भाज्यांसाठीं कांचेचीं घरें बांधतात. ऊन आंत येतें, पण आंतली ऊब सहजासहजीं बाहेर जात नाहीं. या साम्यावरून अशा वायूंना हरितगृह वायु म्हणूं लागले. मिथेन हा त्यांपैकीं एक आहे. यंत्रयुगापूर्वीं हवेच्या दर शंभर कोटि भागांत मिथेनचे सुमारें ७२० भाग होते. आज ते १,९०० हून अधिक आहेत. तेलविहिरी, वायुवाहिन्या, कोळशाच्या खाणी, भातशेती, शहरांतील कचऱ्याचे ढीग आणि रवंथ करणारीं जनावरें, हीं या वाढीचीं मुख्य कारणें होत.

येथें एक शंका स्वाभाविक आहे. गवतानें हवेंतून कर्ब घेतला, गाईनें गवत खाल्लें, आणि तोच कर्ब तिनें हवेला परत दिला. मग बिघडलें काय? उत्तर असें कीं, कर्ब तोच असला तरी तो ज्या रूपानें परत जातो तें रूप निराळें आहे. शंभर वर्षांच्या हिशेबानें एक किलो मिथेन सुमारें २७ किलो कार्बन डाय-ऑक्साइडइतकी उष्णता धरतो. वीसच वर्षांचा हिशेब केला तर हा आंकडा ८० च्या घरांत जातो. मात्र मिथेन फार काळ टिकत नाहीं. सुमारें बारा वर्षांत त्याचा बराचसा भाग विघटन पावतो. कोळसा जाळून हवेंत सोडलेला कार्बन डाय-ऑक्साइड हा न गळणाऱ्या रांजणांतील पाण्यासारखा सांचत जातो. मिथेन गळक्या रांजणांतील पाण्यासारखा आहे. जितकें गळतें तितकेंच ओतलें तर पातळी स्थिर राहते, अधिक ओतलें तर चढते, कमी ओतलें तर लवकरच उतरते. म्हणून गुरांचा मिथेन कमी केल्यास त्याचें फळ याच पिढीला दिसेल. उलटपक्षीं, गुरांचा वायु कमी झाला म्हणून कोळसा व तेल जाळण्यास मोकळीक मिळाली, असा अर्थ कोणीं काढूं नये.

आतां भारताकडे पाहूं जातां आंकडे मोठे दिसतात. २०१९ सालच्या पशुगणनेंत देशांत गाय-बैल सुमारें १९ कोटि ३५ लक्ष आणि म्हशी-रेडे सुमारें ११ कोटि भरले. दुधाच्या उत्पादनांत भारत जगांत पहिला आहे. १९५०-५१ सालीं देशांत सुमारें १ कोटि ७० लक्ष टन दूध निघत होतें. २०२३-२४ सालीं तें सुमारें २३ कोटि ९३ लक्ष टन झालें. सरकारी हिशेबाप्रमाणें २०१६ सालीं देशाच्या एकंदर हरितगृह वायूंत शेतीचा वांटा सुमारें १४ टक्के होता, आणि त्या वांट्यांतील निम्म्याहून अधिक भाग जनावरांच्या पोटांतील मिथेनचा होता. त्यांत बैल आहेत, शेळ्या-मेंढ्या आहेत. पण गाई-म्हशींचा भाग मोठा आहे.

एका जनावराचा हिशेब घेतला म्हणजे गोष्ट अधिक स्पष्ट होते. हवामानविषयक आंतरराष्ट्रीय मंडळाच्या २००६ सालच्या मार्गदर्शिकेंत भारतीय उपखंडांतील दुभत्या गाईमागें वर्षाला ५८ किलो मिथेन धरला आहे, आणि उत्तर अमेरिकेंतील गाईमागें १२८ किलो. एवढेंच वाचलें तर भारतीय गाय निर्दोष ठरते. परंतु त्याच मार्गदर्शिकेंत भारतीय गाईचें वार्षिक दूध ९०० किलो आणि अमेरिकन गाईचें ८,४०० किलो धरलें आहे. भागाकार केला म्हणजे भारतांत किलोभर दुधामागें सुमारें ६४ ग्रॅम आणि तिकडे सुमारें १५ ग्रॅम मिथेन पडतो. गाय थोडा वायु सोडते, पण दूध त्याहूनहि थोडें देते.

या ५८ किलो वायूची दुसरी बाजू गृहिणींना चटकन पटेल. मिथेन हा उत्तम इंधन आहे. एका गाईच्या तोंडावाटे वर्षभरांत जो वायु निघून जातो, त्यांत घरगुती गॅसच्या सुमारें साडेचार टाक्यांइतकी ज्वलनशक्ति असते. ही शक्ति आकाशांतून पडलेली नाहीं. ती शेतकऱ्यानें विकत आणलेल्या किंवा घाम गाळून पिकविलेल्या चाऱ्यांतली आहे. जनावर जें खातें त्यांतील शक्तीचा साधारणपणें सहा टक्के भाग या वाटेनें वायां जातो. चारा कसा आहे त्याप्रमाणें तो कमी-अधिक होतो. हवामानाची हानि आणि शेतकऱ्याचें नुकसान हीं येथें एकाच दाव्यानें बांधलेलीं आहेत, आणि याच ठिकाणीं उपायाचें सूत्र सांपडतें.

कांहीं सुशिक्षित घरांत अशी समजूत असते कीं, दूरवरून टँकरनें येणारें दूध हेंच हवेला घातक असावें. एक ढोबळ गणित करून पाहण्यासारखें आहे. वीस हजार लिटरांचा टँकर कोल्हापूरहून नव्या मुंबईस येऊन रिकामा परत गेला आणि त्यानें एक लिटर डिझेलवर चार किलोमीटर कापले, असें धरलें तर प्रवासाला सुमारें १८५ लिटर डिझेल लागतें. त्याचा कार्बन डाय-ऑक्साइड दुधाच्या लिटरावर वांटला तर तो सुमारें २५ ग्रॅम येतो. उलट मघांचा ६४ ग्रॅम मिथेन कार्बन डाय-ऑक्साइडच्या भाषेंत मांडला तर तो सुमारें १,७०० ग्रॅम होतो. कोल्हापूरकडील चांगल्या गोठ्यांत दूध अधिक निघतें, म्हणून तेथें हा आंकडा कमी असणार. म्हशीच्या दुधांत स्निग्धांश अधिक असल्यानें तिचा हिशेबहि निराळा करावा लागेल. तरी रस्ता आणि गोठा यांतील अंतर लपत नाहीं. दुधाचा प्रश्न मुख्यतः गोठ्यांत सोडवावा लागतो.

गोठ्यांत काय करतां येतें? प्रथम चारा. जनावर जें खातें त्यांतला पहिला हिस्सा त्याच्या स्वतःच्या पोटापाण्यासाठीं जातो. उरेल त्याचें दूध होतें. चार लिटर देणाऱ्या दोन गाईंना दोन पोटें भरावीं लागतात. आठ लिटर देणाऱ्या एकीला एकच. नुसत्या कडब्यावर व पेंढ्यावर ठेवलेल्या जनावराच्या कोठीपोटांत हायड्रोजन अधिक सुटतो आणि मिथेनहि अधिक होतो. त्याला हिरवी वैरण, मका, पेंड आणि क्षारमिश्रण यांची योग्य जोड मिळाली तर तोच चारा दुधाकडे अधिक वळतो. आणंद येथील राष्ट्रीय दुग्धविकास मंडळानें जनावराच्या वजनाला व दुधाला जुळणारा संतुलित आहार गांवोगांव ठरवून देण्याचा कार्यक्रम चालविला. त्यांत लिटरामागील मिथेन दहा टक्क्यांहून अधिक घटल्याचें दिसून आलें, आणि शेतकऱ्याचा खर्चहि कमी झाला. चाऱ्याची कुट्टी करणें, पावसाळ्यांतील हिरव्या वैरणीचा मुरघास करून उन्हाळ्यासाठीं ठेवणें, या साध्या गोष्टींचेंहि फळ याच दिशेनें येतें.

दुसरी गोष्ट जनावराच्या आयुष्याची. २०१९ च्या गणनेप्रमाणें देशांतील तीस कोटि गाई-म्हशी व त्यांच्या नरांपैकीं दुभत्या, म्हणजे दूध देत असलेल्या किंवा आटलेल्या, सुमारें साडेबारा कोटि होत्या. बाकीचीं वासरें, कालवडी, पारड्या, बैल आणि थकलेलीं जनावरें. वासरांवांचून पुढचें दूध नाहीं, हें खरें. पण कालवड उशिरां माजावर येणें, गाय वेळेवर गाभण न राहणें, कासेचा दाह होऊन दूध जाणें, यामुळें जीं वर्षें फुकट जातात त्या प्रत्येक वर्षाचा चारा आणि वायु खर्चीं पडतो. पुण्याजवळ उरुळीकांचन येथें मणिभाई देसाई यांनीं १९६७ सालीं स्थापिलेल्या ‘बाएफ’ या संस्थेनें कृत्रिम रेतनाची सेवा शेतकऱ्याच्या दारापर्यंत नेली. तें काम हवामानासाठीं आरंभिलेलें नव्हतें, गरीब शेतकऱ्याच्या मिळकतीसाठीं होतें. तरी त्याचा एक परिणाम लिटरामागील वायु घटण्यांत झाला. थकलेल्या जनावरांचा प्रश्न मात्र केवळ शास्त्राचा नाहीं. त्यांत श्रद्धा आहे, कायदा आहे आणि शेतकऱ्याची ममताहि आहे. तेथें नुसता भागाकार पुरा पडत नाहीं.

भागाकाराची आणखीहि एक मर्यादा आहे. भारतीय जनावर पुष्कळ अंशीं धाटें, पेंढा, उसाचें वाढें, भुसा व पेंड यांवर जगतें. माणसाच्या तोंडचा घास तें सहसा काढीत नाहीं. परदेशांतील भरपूर दूध देणाऱ्या गाईला मका व सोयाबीन लागतें. त्यासाठीं चांगली जमीन, पाणी आणि नत्रखत खर्च होतें, आणि नत्रखतापासून नायट्रस ऑक्साइड नांवाचा आणखी तीव्र हरितगृह वायु निघतो. शिवाय येथील बैल नांगर ओढतो, शेण जमिनीला मिळतें, आणि अडचणीच्या वेळीं म्हैस ही बँकेंतील ठेवीसारखी उपयोगी पडते. हें सर्व वजा करून केवळ लिटराच्या मापानें कोल्हापूरच्या दोन म्हशीवाल्या शेतकऱ्याला अपराधी ठरविणें न्यायाचें होणार नाहीं.

तथापि एक कटु गोष्ट सांगितलीच पाहिजे. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेच्या २०१९ सालच्या अहवालाप्रमाणें, २००५ ते २०१५ या दहा वर्षांत जगांतील गाईच्या दुधाचा किलोमागील वायु सुमारें अकरा टक्क्यांनीं कमी झाला. परंतु त्याच काळांत दूध तीस टक्क्यांनीं वाढलें, आणि एकंदर वायु अठरा टक्क्यांनीं वाढला. सुधारणा झाली, पण मागणीनें ती गिळून टाकली. लिटरामागचा आंकडा घटला म्हणून समाधान मानावें, तर वातावरण लिटर मोजीत नाहीं. तें एकूण बेरीज मोजतें. दूध वाढावयाचें तर जनावरांची संख्या वाढतां कामा नये, हा यांतील बोध आहे.

म्हणून शास्त्रज्ञ कोठीपोटांतील क्रियेलाच वळण लावण्याचा प्रयत्न करीत आहेत. बंगळूर येथील राष्ट्रीय पशुपोषण संस्थेनें ‘हरित धारा’ नांवाचें पूरक खाद्य तयार केलें असून त्यानें मिथेन १७ ते २० टक्क्यांनीं घटतो असें २०२१ सालीं जाहीर झालें. युरोपांत मिथेन बनविणाऱ्या जीवांचें काम मंद करणारें एक औषधी द्रव्य २०२२ सालीं मान्य झालें. त्याचा परिणाम सुमारें तीस टक्के आहे. समुद्रांतील एका तांबड्या शेवाळाचे प्रयोग याहूनहि आशादायक निघाले आहेत. अडचण एवढीच कीं, अशीं द्रव्यें रोजच्या रोज खाऊं घालावीं लागतात. मोठ्या गोठ्यांत तें सोपें. दोन-तीन जनावरांच्या लाखों गोठ्यांत तें पोंचवावें कसें, आणि दूध न वाढल्यास त्याचे पैसे शेतकऱ्यानें कां द्यावे, हा प्रश्न प्रयोगशाळेबाहेरचा आहे.

शेणाचा भाग त्या मानानें सोपा आहे. वाळलेल्या शेणांतून मिथेन थोडा निघतो. पण शेण पाण्यांत किंवा ओल्या खड्ड्यांत हवेवांचून कुजलें तर पुष्कळ निघतो. तोच वायु बंद टाकींत धरून चुलींत जाळला तर हानि फार कमी होते आणि इंधनहि मिळतें. या कल्पनेचा एक आरंभ मुंबईंतच झाला. माटुंगा येथील कुष्ठरोग्यांच्या आश्रमांत १८९७ सालींच मैल्यापासून निघणारा वायु दिवे लावण्यासाठीं वापरण्यांत आला होता. पुढें १९३९ सालीं दिल्लीच्या कृषि संशोधन संस्थेंत एस. व्ही. देसाई यांनीं शेणावर प्रयोग केले. १९५१ च्या सुमारास जशभाई पटेल यांनीं तरंगत्या झांकणाचें यंत्र बनविलें, आणि मुंबईंत ठाणें असलेल्या खादी ग्रामोद्योग मंडळानें तें देशभर नेलें. हल्लीं आणंद जिल्ह्यांतील झकरियापुरा गांवीं घरोघर वायुयंत्रें बसवून, उरलेली शेणाची मळी स्त्रियांकडून विकत घेऊन तिचें खत करण्याची योजना यशस्वी झाली आहे. चुलीचा धूर गेला, सरपण वांचलें आणि टाकाऊ मळीला दाम आला. यंत्राला गळती लागूं नये एवढी मात्र दक्षता हवी. गळकें यंत्र म्हणजे पुन्हां तोच मिथेन मोकळा.

हा भार कोणीं उचलावा, यावर जगांत एकमत नाहीं. डेन्मार्कमध्यें २०२४ सालीं जनावरांच्या वायूवर २०३० पासून कर घेण्याचें ठरलें. न्यूझीलंडमध्यें देशाच्या वायूंपैकीं जवळजवळ निम्मा शेतीचा. तेथें २०२२ सालीं अशीच योजना मांडली गेली आणि शेतकऱ्यांच्या विरोधामुळें २०२४ सालीं ती मागें पडली. ग्लासगो येथें २०२१ सालीं मिथेन घटविण्याची जी जागतिक प्रतिज्ञा झाली तींत भारत सामील झाला नाहीं; गुरें व भातशेती हा येथें लहान शेतकऱ्यांच्या पोटाचा प्रश्न आहे, अशी सरकारची भूमिका आहे. ती निराधार नाहीं. परंतु उन्हाचा तडाखा याच शेतकऱ्याला पहिला बसतो. म्हशीची कातडी काळी आणि तिच्यांत घर्मग्रंथि थोड्या. उकाडा वाढला म्हणजे ती चारा कमी खाते, दूध कमी देते आणि गाभण राहणेंहि लांबतें. पाऊस चुकला तर वैरण महागते. म्हणजे ज्याच्या गोठ्यांतून वायु निघतो त्याच्याच गोठ्यांत त्या वायूचा परिणाम परत येतो.

अशा स्थितींत शहरांतील कुटुंबानें दूध पिणें सोडावें, असा निष्कर्ष निघत नाहीं. वाढत्या मुलांना, वृद्धांना आणि विशेषतः शाकाहारी माणसांना दुधाचें मोल आहेच. निष्कर्ष निघतो तो एवढा कीं, दुधाची किंमत पिशवीवर छापलेल्या आंकड्यांत संपत नाहीं. नासून मोरींत ओतलेल्या प्रत्येक लिटरामागें गोठ्यांत वायु सुटूनच गेलेला असतो. म्हणून घरांत पहिला नियम नासाडी न करण्याचा. दुसरी गोष्ट दामाची. आज दुधाचा भाव स्निग्धांश व इतर घनांश पाहून ठरतो. उद्यां जर सहकारी संघांनीं संतुलित आहार, निरोगी जनावर आणि शेणवायूचें यंत्र यांसाठीं लिटरामागें थोडें अधिक देऊं केलें, आणि वाशी-नेरूळच्या घरांतून त्याबद्दल रुपया-आठ आणे अधिक मागितले गेले, तर ती महागाई समजूं नये. ज्या वायूचे दाम आजवर कोणी मोजले नाहींत, त्याचा तो पहिला हप्ता ठरेल. आणि तो कोल्हापूरच्या दोन म्हशीवाल्या शेतकऱ्यानें एकट्यानें भरावा, हें कोणत्याहि हिशेबांत बसत नाहीं.